पिशवीच्या भिंतीत की पिशवीबाहेर? अ‍ॅडेनोमायोसिस आणि एंडोमेट्रिओसिसचा गोंधळ

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४१, दोन मुलं, दुसरं सिझरने. सहा वर्षांपूर्वी डाव्या बीजकोशातली चॉकलेट सिस्ट दुर्बिणीने काढली, तेव्हा आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस सांगितलं होतं. आता दोन वर्षांपासून पाळीत अंगावरून खूप जातं, गाठी पडतात, हिमोग्लोबिन ८.२ वर आलंय. नव्या सोनोग्राफीत ‘बल्की युटेरस, अ‍ॅडेनोमायोसिस’ असं लिहून आलंय. एक डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाका, दोन्ही आजार एकदम संपतील. जाऊबाई म्हणतात, दोन्ही एकच, नावं वेगळी. हे खरं का? पिशवी काढल्यावर सगळं थांबेल का? आणि पंधरा वर्षांच्या मुलीला पाळीत फार दुखतं, तिच्याही नशिबी हेच का?

आधी जाऊबाईंचं. त्या चुकताहेत, पण अगदीच हवेत बोलत नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत डॉक्टरसुद्धा या दोन्ही गोष्टी एकाच टोपलीत टाकत होते. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या ऑल्बनीच्या जॉन सॅम्पसन यांनी बीजकोशातल्या चॉकलेट सिस्टचं सविस्तर वर्णन केलं आणि १९२७ मध्ये पाळीचं रक्त गर्भनलिकांतून उलटं पोटात जातं हा विचार मांडला. त्यानंतर वाटा हळूहळू वेगळ्या झाल्या. दोन्हींत मूळ पेशी सारख्याच: गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या, दर महिन्याला हार्मोनच्या तालावर फुगणाऱ्या. फरक आहे तो त्या कुठे जाऊन बसल्या याचा. लक्षणं, तपासण्या आणि उपचार यांतले बहुतेक सगळे फरक या एका जागेच्या फरकातून निघतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये हे अस्तर गर्भाशयाच्या स्वतःच्या स्नायूंच्या भिंतीत शिरतं. अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये जी पातळ सीमा असते, ती बाळंतपणात, सिझरमध्ये किंवा क्युरेटिंग करताना दुखावली गेली की पेशींना आत वाट मिळते, असं मानलं जातं. आत शिरलेल्या पेशींभोवतीचा स्नायू जाड होत जातो आणि पिशवी सगळीकडून गोलसर फुगते. भिंतीत मुरलेल्या ओलीसारखं हे असतं: कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं याची रेघ मारता येत नाही. फायब्रॉइडची गाठ आपल्या वेष्टणातून सोडवून काढता येते, हे तसं सोलून निघत नाही. म्हणून ‘फक्त आजार काढा आणि पिशवी ठेवा’ ही शस्त्रक्रिया इथे अवघड आहे. अशी शस्त्रक्रिया होते, पण ती निवडक ठिकाणी, मुख्यतः मूल हवं असलेल्या स्त्रियांत. आणि नंतरच्या गरोदरपणात गर्भाशय फाटण्याचा धोका डोक्यात ठेवूनच.

एंडोमेट्रिओसिसमध्ये त्या पेशी पिशवीच्या बाहेर असतात. बीजकोशात, ओटीपोटाच्या आतल्या आवरणावर, गर्भाशयाला मागून धरून ठेवणाऱ्या बंधांवर, गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधल्या खोलगट जागेत, कधी आतड्यावर, मूत्राशयावर, क्वचित थेट छातीखालच्या पडद्यावर. तिथे पाळीच्या दिवसांत जे झिरपतं त्याला बाहेर पडायला वाट नसते. बीजकोशात ते साचून काळपट-तपकिरी, दाट होतं. तीच चॉकलेट सिस्ट. इतर ठिकाणी दाह होतो, नसा चिडतात आणि अवयव एकमेकांना चिकटतात. पाळीचं थोडं रक्त उलटं पोटात जाणं बहुतेक सगळ्याच स्त्रियांत होतं. आजार मात्र पुनरुत्पादनाच्या वयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगभरात सुमारे १९ कोटी. बाकीच्यांच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा तो पसारा आवरून टाकते आणि या १० टक्क्यांत ते होत नाही, असं मानलं जातं. त्यात आनुवंशिकतेचा वाटा नक्की आहे. मुंबईत परळला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) प्रजनन आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिथे भारतीय स्त्रियांमधल्या एंडोमेट्रिओसिसवर संशोधन चालू आहे.

आता लक्षणांकडे. माझ्याकडे कुणी पोटदुखी घेऊन आलं की मी पहिल्यांदा ‘किती दुखतं’ हे विचारत नाही. ‘कधी दुखतं आणि किती जातं’ हे विचारते. अ‍ॅडेनोमायोसिसचं ठळक लक्षण म्हणजे अंगावरून जास्त जाणं. तासा-दोन तासाला पॅड भरणं, रात्री उठून बदलावं लागणं, काळ्या गाठी, पाळी सात-आठ दिवसांपर्यंत लांबणं. स्नायू आजाराने अडलेला असल्यामुळे पिशवी नीट आवळली जात नाही आणि रक्तवाहिन्या लवकर मिटत नाहीत. दुखतं ते मुख्यतः पाळीच्या दिवसांत, ओटीपोटात आणि कंबरेत, आणि पोटात जड काहीतरी ठेवल्यासारखं वाटतं. साधारण एक तृतीयांश स्त्रियांना यातलं काहीच होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत हा शब्द सापडतो आणि मग उगाच घरभर घबराट. त्रास नसेल तर अ‍ॅडेनोमायोसिसला उपचार लागत नाही, हे मी अशा वेळी दोनदा सांगते.

एंडोमेट्रिओसिसमध्ये रक्तस्राव अगदी बेताचा असू शकतो आणि दुखणं भयंकर. हे दुखणं पाळीच्या आधी एक-दोन दिवस सुरू होतं आणि आजार खोल गेला असेल तर पाळी संपल्यावरही राहतं. दोन प्रश्न बायकांना विचारावेच लागतात, कारण स्वतःहून कुणी सांगत नाही. पाळीच्या दिवसांत शौचाला बसल्यावर आत कळ येते का? आणि संबंधांच्या वेळी खोलवर दुखतं का? ‘हो’ म्हणताना पुष्कळजणी खाली बघतात, नवरा बाजूला बसला असेल तर बोलतच नाहीत. म्हणून हा भाग मी बाईंना एकटीला आत घेऊन विचारते. जगभरच्या अभ्यासांत लक्षणं सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी सात ते दहा वर्षं जातात असं दिसतं. ‘पाळीत दुखायचंच’, ‘लग्न झालं की थांबेल’, ‘एक मूल झालं की मोकळी होशील’ या वाक्यांत ती वर्षं जातात. गरोदरपणात पाळी बंद असल्यामुळे आराम पडतो, त्याने आजार जात नाही. आणखी एक चकवा: आजार किती पसरला आहे आणि किती दुखतं यांचा मेळ बसेलच असं नाही. दोन-चार ठिपके असलेली मुलगी आडवी पडते, आणि मोठी चॉकलेट सिस्ट असलेली बाई ‘मूल होत नाही’ एवढंच सांगत येते.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत जास्त जाणं आणि गाठी आहेत. बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं नाहीत. ती आधी स्वतःला द्या. आणि सिझर झालेलं आहे म्हणून आणखी एक: टाक्याच्या जागी एखादी कडक गाठ लागते का, जी पाळीच्या दिवसांत ठणकते? तेही एंडोमेट्रिओसिसच असतं, टाक्याच्या व्रणात रुजलेलं, आणि पुष्कळदा ‘हर्निया असेल’ म्हणून शल्यचिकित्सकांकडे धाडलं जातं.

दोन्ही आजार एकाच स्त्रीत असणं अजिबात दुर्मीळ नाही, खोल एंडोमेट्रिओसिसमध्ये तर पुष्कळदा दिसतं. तुमच्या बाबतीत तसंच असावं. सहा वर्षांपूर्वी सिस्ट काढली तेव्हा पिशवीची भिंत कदाचित ठीक असेल किंवा तेव्हा तिकडे लक्ष गेलं नसेल. अ‍ॅडेनोमायोसिस हा पूर्वी चाळिशीतल्या, दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बायकांचा आजार मानला जायचा, कारण तो काढलेली पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावरच कळायचा, आणि पिशव्या काढल्या जायच्या त्याच वयात! चांगली सोनोग्राफी आल्यापासून तो पंचविशी-तिशीतही दिसू लागलाय.

सोनोग्राफीबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण ‘बल्की युटेरस’ या दोन शब्दांवर आपल्याकडे फार निर्णय होतात. बल्की म्हणजे फक्त नेहमीपेक्षा मोठी. दोन-तीन बाळंतपणांनंतर पिशवी थोडी मोठी राहतेच. फायब्रॉइडने होते, अ‍ॅडेनोमायोसिसनेही होते. आपल्या बोलण्यातलं ‘पिशवीला सूज आहे’ हेही तसंच, त्यात निदान काहीच नाही. अ‍ॅडेनोमायोसिस म्हणायचं तर आतून केलेल्या सोनोग्राफीत ठरावीक खुणा दिसायला हव्यात: एक भिंत दुसरीपेक्षा जाड, भिंतीत बारीक पाण्याच्या पुटकुळ्या, पंख्यासारख्या पडणाऱ्या सावल्या, अस्तराची सीमा पुसट किंवा तुटक. २०१५ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने या खुणा कशा लिहायच्या ते ठरवून दिलं आणि २०२२ मध्ये त्यात सुधारणा केली. तुमच्या रिपोर्टमध्ये यातलं काही लिहिलंय का ते बघा. नसेल, तर पाळीच्या आजारांत मुरलेल्या सोनोलॉजिस्टकडून पुन्हा करून घेण्यात पैसे वाया जात नाहीत. त्यांना आधीच्या सिस्टबद्दल आवर्जून सांगा आणि ‘बीजकोश हलतात की चिकटलेत, गर्भाशय आणि आतडं एकमेकांवर घसरतं का’ हेही बघायला सांगा. पेचाच्या केसमध्ये एमआरआय लागतो, सगळ्यांना नाही.

एंडोमेट्रिओसिसचं उलट आहे. चॉकलेट सिस्ट सोनोग्राफीत छान दिसते, खोल गाठीही तयार डोळ्याला दिसतात, पण आवरणावरचे बारीक ठिपके सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये सहसा दिसत नाहीत. ‘सोनोग्राफी नॉर्मल’ म्हणजे ‘एंडोमेट्रिओसिस नाही’ असं होत नाही. पूर्वी दुर्बीण टाकून बघितल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. युरोपीय तज्ज्ञसंस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो आग्रह सोडला. लक्षणं आणि तपासणी जुळत असेल तर औषध सुरू करून बघता येतं. बीजकोशाच्या कॅन्सरसाठी वापरली जाणारी सीए-१२५ नावाची रक्ततपासणी मात्र या आजारांच्या निदानासाठी करू नये. ती दोन्ही आजारांत वाढते, पाळी चालू असताना वाढते, आणि आपल्या देशात पोटाच्या क्षयरोगातही वाढते. रिपोर्टवर ३५ या नेहमीच्या मर्यादेच्या वरचा आकडा दिसला की लोक थेट कॅन्सरचं इस्पितळ शोधू लागतात.

आता पिशवी काढण्याचं. तुमच्या डॉक्टरांचं अर्धं विधान बरोबर आहे. अ‍ॅडेनोमायोसिस पिशवीच्या भिंतीत आहे, त्यामुळे पिशवी गेली की तो आजार गेला. त्याला दुसरा कायमचा इलाज नाही, रजोनिवृत्ती सोडून. एंडोमेट्रिओसिस पिशवीच्या बाहेर आहे. नुसती पिशवी काढली आणि मागच्या बंधांवरचा, आतड्यावरचा आजार तिथेच राहिला, बीजकोशही चालू राहिले, तर पाळी थांबते पण दुखणं चालूच राहू शकतं. असं झालेल्या बायका माझ्याकडे येतात, ‘पिशवी काढली तरी दुखतं, म्हणजे मनाचंच असेल’ असं ऐकून आलेल्या. मनाचं नसतं ते.

मग ‘बीजकोशही काढून टाकू’ असा पुढचा सल्ला येतो. ४१ व्या वर्षी दोन्ही बीजकोश काढले की रजोनिवृत्ती एका दिवसात येते: अंगातून वाफा, झोप उडणं, आणि पुढे हाडं व हृदय यांच्यावर परिणाम. काही थोड्या स्त्रियांना ते करावं लागतं, पण मग नंतर हार्मोन देण्याचा विचार आधीच करून ठेवावा लागतो. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं उघड झालं, तेव्हा सरकारी पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली, त्यात तरुण बायकाही होत्या. ती गोष्ट गरिबी, बुडणारी मजुरी आणि दवाखान्यांचं अर्थकारण यांची आहे. पण ‘मुलं झालीत, आता पिशवीचं काम काय’ हे वाक्य शहरातल्या एसी केबिनमध्येही तितक्याच सहज म्हटलं जातं. पिशवी काढू नये असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः काढते. कुठल्या आजारासाठी काढतोय हे ठरल्यावर काढते.

तुमच्यासाठी मी काय केलं असतं? सर्वांत आधी ते ८.२ चं हिमोग्लोबिन. दम लागतो, पाय ओढतात, आणि घरी म्हणतात वयच झालं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया ॲनिमिक निघाल्या, त्यामुळे आपल्याला आठचा आकडा बघायची सवयच झालीय. लोहाच्या गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देता येतं. गोळी घेत असाल तर चहासोबत किंवा चहानंतर लगेच नको, लिंबूपाण्यासोबत चालेल. थायरॉइडची तपासणी करून घ्या. पाळी अनियमित असेल किंवा मधेच जात असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवायला हवा, त्याशिवाय कुठलाही हार्मोन सुरू करू नये.

मग मिरेना. गर्भाशयात बसवायचं हे साधन रोज अगदी थोडं, सुरुवातीला २० मायक्रोग्रॅम, हार्मोन जागेवरच सोडतं. अ‍ॅडेनोमायोसिसमधल्या जास्त रक्तस्रावासाठी माझी पहिली पसंती तीच, आणि एंडोमेट्रिओसिसच्या दुखण्यालाही तिचा उपयोग होतो. पहिले तीन ते सहा महिने थेंब-थेंब जात राहतं. हे आधी सांगितलं नाही तर बायका महिनाभरात काढायला येतात. पिशवी फार मोठी असेल तर मिरेना निसटून पडायची शक्यता जास्त. तांबी म्हणून ओळखली जाणारी कॉपर-टी ही वेगळी. तिने रक्तस्राव वाढतो, ती इथे नको.

दुसरा पर्याय डायनोजेस्ट, हार्मोनची रोज २ मिलीग्रॅमची एक गोळी. एंडोमेट्रिओसिसमध्ये ती उत्तम चालते, सिस्ट काढल्यानंतर पुन्हा होऊ नये म्हणूनही देतात. तुमची पहिली सिस्ट काढल्यानंतर असं काही दिलं होतं का, हे जुन्या कागदांत बघा. पुष्कळदा शस्त्रक्रियेनंतर ‘आता सगळं साफ झालं’ म्हणून काहीच दिलं जात नाही. मात्र अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये सुरुवातीला या गोळीने अनियमित रक्तस्राव होऊ शकतो, आणि आठच्या हिमोग्लोबिनवर तो परवडत नाही. म्हणून आधी लोह भरा. महिन्यातून एकदा घ्यायच्या हार्मोनच्या इंजेक्शनने पाळी पूर्ण बंद करता येते, पण हाडं झिजतात म्हणून ते थोड्या काळापुरतं, बहुतेक शस्त्रक्रियेआधी पिशवी आक्रसावी आणि रक्त भरून यावं यासाठी. पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडने रक्त कमी जातं, पण पायाच्या शिरेत कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर ते घेऊ नका.

यातून सहा-आठ महिन्यांत जमलं नाही, तर पिशवी काढणं हा रास्त निर्णय आहे. तेव्हा शस्त्रक्रिया करणाऱ्यांना हे विचारा: आत एंडोमेट्रिओसिस दिसलं तर ते त्याच वेळी काढणार का? आतडं चिकटलेलं असेल तर सोबत आतड्याचे सर्जन असतील का? बीजकोश ठेवणार की काढणार, आणि कशावरून? पहिल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं टिपण आणि बायोप्सीचा कागद सोबत न्या. त्यात काय चिकटलेलं होतं, काय सोडलं होतं ते लिहिलेलं असतं, आणि ते आजच्या सोनोग्राफीपेक्षा जास्त सांगतं.

मूल हवं असतं तर सगळं गणितच वेगळं मांडावं लागलं असतं. चॉकलेट सिस्ट काढताना बीजांचा साठा घटतो, अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये गर्भ रुजायला आणि टिकायला अडचण येते, आणि वर सांगितलेली बहुतेक औषधं गर्भधारणा थांबवतात. तो तुमचा प्रश्न नाही, म्हणून इथे वाढवत नाही.

राहिली मुलगी. आईला एंडोमेट्रिओसिस असेल तर मुलीला होण्याची शक्यता इतरांपेक्षा काही पट जास्त असते. होईलच असं नाही. या वयातलं बरंचसं दुखणं साधं, कुठल्याही आजाराविना असतं, पण साधं म्हणून सोसायचं नसतं. मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा आयब्युप्रोफेन, डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसमध्ये, जेवणानंतर, दुखणं चढायच्या आधी सुरू करून पहिले दोन दिवस वेळेवर द्या; कळ असह्य झाल्यावर एक गोळी देऊन उपयोग होत नाही. अंगावर पुरळ उठलं किंवा ताप आला तर गोळी बंद करून दाखवा. दर महिन्याला शाळा बुडते, उलट्या होतात, पाळी नसतानाही दुखतं, शौचाला त्रास होतो, असं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. ‘आतून तपासतील’ म्हणून घाबरू नका. या वयात मूत्राशय भरून पोटावरूनच सोनोग्राफी करतात. तिचा मुख्य उपयोग गर्भाशयाच्या रचनेत जन्मजात अडथळा नाही ना हे बघण्यासाठी. रिपोर्ट नॉर्मल आला तरी तिचं दुखणं खोटं ठरत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. गोळ्यांनी तीन पाळ्यांत फरक पडला नाही तर डॉक्टर हार्मोनच्या गोळ्या सुचवतील. त्या घेतल्याने पुढे मूल व्हायला अडचण येत नाही, तेव्हा आजीने नको म्हटलं म्हणून त्या थांबवू नका.